एका ध्वनिफितीचे नाव आणि तिच्यातील बावीस आवाज

प्रातिनिधिक संग्रह हा प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. अमुक दशकातील निवडक कथा, तमुक प्रांतातील नवी कविता, अशा शीर्षकांची पुस्तके आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत पुष्कळ आढळतात. त्यांच्याविषयी वाद होतो तो बहुधा एकाच मुद्द्यावर : कोणाला घेतले आणि कोणाला वगळले. त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. संग्रह प्रसिद्ध झाल्यानंतर त्याच्या नावाचे पुढे काय होते? कित्येकदा असे घडते की, नाव हळूहळू आतल्या कृतींपासून सुटे होते, लोकांच्या तोंडी रुळते, आणि अखेर त्याच संग्रहातील बऱ्याच कृतींना परके होऊन बसते. ह्या प्रक्रियेचे अतिशय स्वच्छ उदाहरण साहित्याबाहेर, ब्रिटनमधील तरुण बँडांच्या एका ध्वनिफितीत सापडते. तिचे नाव ‘सी ८६’.

ज्यांनी सी-६०, सी-९० अशा आकड्यांच्या कॅसेटी हाताळल्या आहेत त्यांना ह्या नावाचा उलगडा सहज होईल. ‘सी’ म्हणजे कॅसेट आणि ‘८६’ म्हणजे १९८६ हे साल. लंडनहून निघणाऱ्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ ह्या संगीतविषयक साप्ताहिकाने ‘रफ ट्रेड’ ह्या संस्थेच्या साहाय्याने ती काढली आणि वाचकांना टपालाने मागवण्याची सोय केली. पुढे तिची तबकडीही निघाली. पाच वर्षांपूर्वी, १९८१ साली, ह्याच दोघांनी ‘सी ८१’ काढली होती. तिच्याच धर्तीवरचा हा नवा संग्रह. निवड केली ती रॉय कार, नील टेलर आणि एड्रियन थ्रिल्स ह्या साप्ताहिकाच्याच तिघा लेखकांनी. बावीस बँड, प्रत्येकाचे एक गाणे, दोन्ही बाजूंवर अकरा-अकरा. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स’मध्ये ह्यांतील बँडांच्या मैफलींचा आठवडाही भरवण्यात आला.

संग्रहाचा विचार करण्यापूर्वी ‘इंडी’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ लक्षात घ्यायला हवा, कारण पुढची सारी गुंतागुंत त्यातूनच उद्भवते. ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र, ह्याचे हे लघुरूप. हे स्वातंत्र्य मुळात सुरांचे नव्हते; ते होते छपाईचे आणि वितरणाचे. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स ह्या बँडने ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वखर्चाने काढली आणि मोठ्या कंपनीच्या दारी न जाताही तबकडी काढता येते हे अनेकांच्या ध्यानी आणून दिले. त्याच्या आदल्याच वर्षी जेफ ट्रॅव्हिस यांनी लंडनमध्ये रफ ट्रेडचे दुकान उघडले होते. पुढे देशभरातील अशा दुकानदार-वितरकांनी ‘कार्टेल’ नावाची साखळी उभारली, आणि एखाद्या लहान गावातील चौघांनी काढलेली तबकडी दुसऱ्या टोकाच्या गावी पोहोचू लागली. १९८० च्या जानेवारीपासून अशा तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. त्या यादीत प्रवेश मिळण्याची कसोटी एकच होती. तबकडीचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेर झालेले असावे. गाणे गोड की कर्कश, गिटारीचे की यंत्राचे, ह्याची चौकशी तेथे नव्हती.

आपल्याकडील साठोत्तरी लघुअनियतकालिकांचा काळ ज्यांना आठवतो त्यांना ही मनोवृत्ती ओळखीची वाटेल. तेथेही हाताने जुळवलेली, छायाप्रती काढून वाटलेली चिटोरी होती. ‘फॅनझिन’ हे त्यांचे नाव. त्यांच्यासोबत पातळ, वाकणाऱ्या प्लास्टिकच्या तबकड्या वाटल्या जात. भोवतालचा काळ मार्गारेट थॅचर यांच्या राजवटीचा होता. १९८६ साली ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर होती. गंमत अशी की, त्याच सरकारने बेकारांना स्वतःचा धंदा काढण्यासाठी आठवड्याला ४० पौंड देणारी एक योजना चालवली होती, आणि तिचा आधार कित्येक कलावंतांनी घेतला. बाजाराचे गोडवे गाणाऱ्या सरकारच्या पैशांतून बाजाराकडे पाठ फिरवणारी गाणी निघाली, हा विरोधाभास त्या काळाच्या इतिहासकाराने नोंदवण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष ध्वनिफीत ऐकू. पहिलेच गाणे प्रायमल स्क्रीम ह्या ग्लासगोच्या बँडचे, ‘व्हेलॉसिटी गर्ल’. दीड मिनिटाच्या आतच ते संपते. खणखणत्या गिटारीच्या झंकारावर एक किंचित लाजरा, अप्रशिक्षित वाटणारा पुरुषी आवाज तरंगतो. मूळ तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेले हे गाणे संपादकांनी संग्रहाच्या दारी आणून उभे केले, हा त्यांच्या कानाचा पुरावाच मानायला हवा. त्यामागून येणारे माइटी लेमन ड्रॉप्स, सूप ड्रॅगन्स, वुल्फहाउंड्स, बोडीन्स आणि माइटी माइटी हे बँड एकाच कुळातले नसले तरी एका गल्लीत शोभण्याजोगे आहेत. १९६० च्या दशकातील गिटारसंगीताची ओढ, घाईची लय, आणि सफाईपेक्षा उत्साहावर भिस्त. पुढे ‘सी ८६’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहू लागले ते ह्या पहिल्या सहा गाण्यांचे.

मात्र सातव्या गाण्यापाशी गल्ली अकस्मात संपते. स्टंप, बॉगशेड आणि ए विटनेस हे तीन बँड पाठोपाठ येतात आणि आतापर्यंतची सारी गोडी उधळून लावतात. स्टंपच्या गाण्यात बेसचे सूर निसरड्या उतारावरून घसरावेत तसे घसरतात आणि गायक अर्थाशी लपंडाव खेळतो. बॉगशेडची लय लंगडत चालते, आणि ते लंगडणे मुद्दाम आहे हे दोन क्षणांत कळते. दुसऱ्या बाजूवर मॅकेन्झीज आणि बिग फ्लेम हे दोघे हेच काम करतात. बिग फ्लेमची गिटार सुरावट धरीत नाही, ती कापत सुटते. डर्बीशरमधील लाँग ईटनसारख्या लहानशा गावातून चालणाऱ्या ‘रॉन जॉन्सन रेकॉर्ड्स’ ह्या संस्थेशी संबंधित पाच बँड ह्या संग्रहात आहेत. बॉगशेड त्या संस्थेचा नसला तरी वृत्तीने त्यांच्याच जवळचा. म्हणजे बावीसपैकी सहा गाणी, एक चतुर्थांशाहून अधिक, अशी आहेत की ज्यांना गोडवा शिवलेला नाही.

ह्या दोन टोकांच्या मध्ये इतर आवाज आहेत. मॅकार्थी हा बँड डाव्या विचारांचा; त्याचे सूर मात्र इतके मधुर की त्यातला उपरोध बेसावध श्रोत्याच्या हाती लागू नये. आपल्याला अमान्य असलेली भूमिका पात्राच्या तोंडी घालून तिचा पोकळपणा दाखवणे, ही त्याची रीत. बर्कनहेडचा हाफ मॅन हाफ बिस्किट हा बँड दूरचित्रवाणीवरील दुय्यम नामवंतांची टिंगल करता करता बेकार तरुणाच्या रिकाम्या दुपारींचे चित्र काढतो. अखेरचे गाणे लीड्सच्या वेडिंग प्रेझेंटचे. त्यात हाताचा वेग आणि मनाचा सल ह्यांची शर्यत लागलेली असते. शॉप असिस्टंट्सच्या गाण्यात गिटारींच्या धुक्यातून एक शांत स्त्रीस्वर येतो. तो ऐकल्यावर ह्या संग्रहाला एकच ‘शैली’ चिकटवण्याचा मोह कोणास कसा झाला असेल, असा प्रश्न पडतो.

तो मोह झाला, हे मात्र खरे. काही वर्षांतच ‘सी ८६’ हे संग्रहाचे नाव न राहता एका नादाचे विशेषण झाले : खणखणती गिटार, कोवळा आवाज, बालिश निरागसता. ही जी शैली समजली गेली तीत बिग फ्लेम बसत नाही, स्टंप बसत नाही, एज ऑफ चान्स तर मुळीच बसत नाही. उलट संग्रहात नसलेले, पुढे उदयास आलेले कित्येक बँड ह्या विशेषणाने ओळखले जाऊ लागले. ‘इंडी’ ह्या शब्दाचेही तेच झाले. तबकडी कशी निघाली हे सांगणारा शब्द ती कशी ऐकू येते हे सांगू लागला. एकदा असे झाले की मोठ्या कंपनीने काढलेले गाणेही खुशाल ‘इंडी’ म्हणवून घेऊ शकते. त्याची चुणूक लगेच दिसली. प्रायमल स्क्रीमची १९८७ मधील पहिली दीर्घ तबकडी ‘एलेव्हेशन’ ह्या वॉर्नरच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या शाखेतून निघाली. स्वातंत्र्य गेले तरी नाद तोच राहिला, आणि नावही.

हे कशामुळे घडले? संपादकांवर सारा दोष टाकणे सोपे आहे, परंतु गाण्यांचा क्रम पाहता ते न्याय्य होणार नाही. कॅसेट हे माध्यम आता विस्मरणात जात चालले आहे, म्हणून त्याचा एक गुण येथे सांगायला हवा. कॅसेटवर नको असलेले गाणे ओलांडणे त्रासाचे असते. फीत पुढे पळवायची, अंदाजाने थांबवायची, चुकले की मागे यायचे. त्यापेक्षा ऐकून घेणे बरे. त्यामुळे माइटी माइटीनंतर स्टंप आणि ए विटनेसनंतर पॅस्टेल्स अशी मांडणी करणारा संपादक श्रोत्याला सांगत असतो की, हे सारे एकाच देशात, एकाच वर्षी घडते आहे. तुला जे आवडते त्याच्या शेजारी जे आवडत नाही तेही बसलेले आहे. क्रम हाच त्यांचा युक्तिवाद होता. पुढे गाणी सुटी मिळू लागली, एका बोटाने ओलांडता येऊ लागली, आणि तो युक्तिवाद विरून गेला. उरले ते जे कानाला चटकन गोड लागते आणि ज्याचे अनुकरण करणे सोपे असते. कर्कश गाण्यांचे अनुकरण करायला हात तयार लागतो; कोवळेपणाची नक्कल कोणालाही साधते. संग्रहाचे नाव लोकप्रिय अर्धाने पळवले, ते असे.

तरीही संपादकांची बाजू पूर्णपणे निर्दोष नाही. स्त्रीचा आवाज अग्रभागी असलेले बँड बावीसमध्ये तीनच : शॉप असिस्टंट्स, मिआव आणि बर्मिंगहॅमच्या चौघी मुलींचा फझबॉक्स. त्यांतील मिआवची गायिका कॅथ कॅरल स्वतः त्याच साप्ताहिकात लिहिणारी होती. निवडणारे आणि निवडले जाणारे एकमेकांच्या किती निकट होते हे त्यावरून समजते. ह्याहून मोठी उणीव दुसरी. त्याच काळात अमेरिकेतून आलेल्या हिप-हॉपने ब्रिटनच्या शहरांतील तरुणांना झपाटले होते, आणि त्याला किती जागा द्यावी ह्यावरून ह्याच साप्ताहिकाच्या कार्यालयात दोन तट पडले होते. ध्वनिफितीत हा वाद जवळजवळ ऐकूच येत नाही. एज ऑफ चान्सच्या ठोक्यांत त्याची थोडी धग जाणवते, इतकेच. १९८६ च्या तरुण ब्रिटनचे प्रतिनिधित्व म्हणून पाहिले तर हा संग्रह एका वस्तीचा आहे, साऱ्या नगराचा नाही. साल शीर्षकात घालणाऱ्या संपादकाने साऱ्या सालाचा दावा केलेला असतो, म्हणून ही उणीव दाखवणे प्राप्त आहे.

एका बाबतीत मात्र संग्रहाची थोरवी वादातीत आहे, आणि ती आपल्यासारख्या वाचकांना विशेष भावावी अशी आहे. ह्या बँडांची गावे पाहावीत. ग्लासगो, एडिंबरा, पेझ्ली, बेल्सहिल. लीड्स, वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बर्कनहेड. ग्लॉसप आणि हेब्डन ब्रिजसारखी डोंगराळ भागातील लहान गावे. राजधानीपासून दूर राहून, राजधानीच्या अनुज्ञेची वाट न पाहता, आपल्या गावच्या उच्चारांत गाणारी ही माणसे. त्यांना एकत्र आणणारे साप्ताहिक लंडनचेच होते; ओळख दिली तीही लंडननेच, आणि ती ओळख आकसली तीही तेथूनच सुरू झालेल्या चर्चेत.

मध्यवर्ती ठिकाणाने दूरच्या माणसांना एकच नाव द्यावे आणि मग त्या नावाखाली त्यांतील भेद दिसेनासे व्हावेत, हा अनुभव ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी, हैदराबाद येथील मराठी माणसाला नवा नाही. ‘बृहन्महाराष्ट्र’ हा शब्द आपण प्रेमाने वापरतो. तो आपल्याला एकत्र बसवतो, अधिवेशने भरवतो, विशेषांक काढतो. पण त्या एका शब्दाखाली माळव्याची हिंदीच्या शेजारी वाढलेली मराठी, गोव्याची कोंकणीच्या अंगणातील मराठी आणि बेळगावची कानडीशी रोज बोलणारी मराठी ह्यांच्यातील अंतर पुण्या-मुंबईच्या वाचकाला दिसेनासे होते. साहित्यातही तेच. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे नाव एका ठराविक काव्यरीतीशी असे जोडले गेले की, बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियनांची फारसी वळणाची गझल आणि यशवंतांचे घरगुती करुण काव्य ह्यांना एकाच मापाने मोजण्याची सवय लागली. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने ती रीत हास्यास्पद ठरवली तेव्हा वार समूहाच्या नावावर झाला, आणि तो सर्वांनाच सोसावा लागला. नाव मिळाल्याने माणूस दिसू लागतो, आणि त्याच नावाने तो झाकलाही जातो.

‘सी ८६’मधील बँडांच्या पुढील वाटा पाहिल्या म्हणजे हे झाकणे किती अन्यायाचे होते ते ध्यानी येते. प्रायमल स्क्रीमने १९९१ मध्ये ‘स्क्रीमाडेलिका’ काढून नृत्यसंगीताशी नाते जोडले आणि पुढल्या वर्षी पहिलावहिला मर्क्युरी पुरस्कार मिळवला. सूप ड्रॅगन्सही त्याच सुमारास नृत्याच्या ठेक्याकडे वळले. मॅकार्थीचे टिम गेन यांनी स्टिरिओलॅब हा सर्वस्वी वेगळ्या नादाचा बँड उभारला. वेडिंग प्रेझेंटने १९९२ साली दर महिन्याला एक याप्रमाणे बारा तबकड्या काढल्या आणि बाराही राष्ट्रीय यादीतील पहिल्या तिसांत पोहोचल्या. हाफ मॅन हाफ बिस्किट हे लौकिकाची फारशी पर्वा न करता आपल्या गतीने गात राहिले. इतर अनेकांचे गाणे काही वर्षांतच थांबले. रॉन जॉन्सन रेकॉर्ड्स १९८८ पर्यंत बंद पडली. कोणाचे नाव झाले आणि कोणाचे झाले नाही, ह्यावरून संग्रहाचे मूल्य ठरवण्याची आपली सवय मात्र येथे टाळावी. संपादक हा ज्योतिषी नसतो. त्या वर्षी काय ऐकू येत होते हे त्याने प्रामाणिकपणे टिपले की त्याचे काम झाले. आणि न टिकलेल्यांचा आवाज टिकवणे हे तर त्यातले अधिक मोलाचे काम.

ह्या दृष्टीने पुढील पुनर्भेटी उद्बोधक आहेत. २००६ मध्ये, वीस वर्षांनी, सेंट एटिएन ह्या बँडचे बॉब स्टॅन्ली यांनी ‘सीडी ८६’ नावाचा अठ्ठेचाळीस गाण्यांचा संग्रह सिद्ध केला. त्याचे उपशीर्षक ‘इंडी पॉप’च्या जन्माचे होते. म्हणजे तोवर नावाचा नवा अर्थ पक्का झाला होता. २०१४ मध्ये मूळच्या तिघांपैकी नील टेलर यांनीच मूळ बावीस गाण्यांना आणखी पन्नासांची जोड देऊन तीन तबकड्यांची आवृत्ती काढली, आणि २०२० मध्ये त्या काळावर पुस्तकही लिहिले. २०२२ मध्ये नाइज टॅसल यांनी बावीसही बँडांतील माणसांचा पुढील आयुष्यात शोध घेणारे पुस्तक प्रसिद्ध केले. आपण काढलेल्या संग्रहाकडे चौतीस वर्षांनी परत जाऊन संपादकाने त्याची संगती लावावी, आणि दुसऱ्या एखाद्याने त्यातील प्रत्येक नावामागचा माणूस हुडकावा, असे भाग्य फार थोड्या संग्रहांना लाभते. ज्या साप्ताहिकाने तो काढला त्याचे साप्ताहिक मुद्रण तर २०१८ च्या मार्चमध्येच थांबले. संस्था थकली, पण संग्रह अजून बोलतो आहे.

घरातील तरुण मुले ‘इंडी’ हा शब्द आज सहज उच्चारतात. त्यांना ह्या ध्वनिफितीची ओळख करून द्यायची असेल तर एकच विनंती करावी. मधले एकही गाणे न ओलांडता, मूळ क्रमाने, दोन्ही बाजू ऐका. सहा गाण्यांनंतर कान त्रासतील, त्रासू द्यावेत. पॅस्टेल्सपर्यंत पोहोचल्यावर तोच गोडवा वेगळा लागेल, कारण मध्ये त्याचा प्रतिवाद ऐकून झालेला असेल. आणि आपणही, एखाद्या प्रांताच्या, पिढीच्या वा मंडळाच्या नावाने निघालेला संग्रह पुढच्या वेळी हाती घेऊ तेव्हा, त्या नावात न बसणारे पान आधी शोधावे. संपादकाने ते तेथे ठेवले असेल तर त्याने आपले काम केले आहे. ते वाचून पुढे सरकणे, हे मग आपले काम.